‘मी स्वतः पाहिलंय!’



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २० ते २२

या तीन श्लोकांत भगवंत ज्ञानाच्या तीन जाती सांगतात. वेगवेगळ्या दिसणाऱ्या सगळ्यांत एकच अखंड तत्त्व पाहतं ते सात्त्विक ज्ञान. प्रत्येक गोष्ट सुटी-सुटी, वेगळी-वेगळी पाहतं ते राजस. आणि एकाच तुकड्याला ‘हेच सगळं’ म्हणून, काही कारण न देता, चिकटून बसतं ते तामस. गंमत बघा, तामसालासुद्धा भगवंत ‘ज्ञान’च म्हणतात. म्हणजे त्या माणसाला काहीच दिसलेलं नाही असं नाही. दिसलंय, पण थोडंसं. आणि त्या थोडक्यावर तो अडून बसलाय.

हे नीट समजावं म्हणून आज एक कोडं घालतो. घाई करू नका, चहा घेत घेत सोडवा.

आजचं कोडं

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव नावाचं गाव आहे. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. प्रसंग मी रचलेला आहे, जागा मात्र खरी. समजा, थंडीतली सकाळ आहे, पाण्यावर वाफ आहे. एका यात्रेकरूने काठावर ठेवलेली पिशवी कुणीतरी उचलून नेली. पिशवीत थोडे पैसे आणि आईची जुनी पोथी. आंघोळ करणाऱ्या तिघांनी त्या माणसाला जाताना पाहिलं.

अण्णा म्हणाले, “पांढरा सदरा, डोक्याला टोपी, हातात छत्री.”

मावशी म्हणाल्या, “छे! निळा सदरा, डोक्याला टोपी, हातात काठी.”

बंटी म्हणाला, “निळा सदरा होता, पण डोक्याला फेटा. आणि हातात छत्री.”

आता दोन गोष्टी पक्क्या धरा. एक, तिघांपैकी प्रत्येकाची नेमकी एकच गोष्ट बरोबर आहे. दोन, सदरा, डोकं आणि हात यांतली प्रत्येक गोष्ट निदान एकाने तरी बरोबर सांगितली आहे. तर मग पिशवी नेणारा दिसायला कसा होता?

थांबा, खाली जाऊ नका. आधी स्वतः विचार करा.

झालं? आता बघू. तिघांच्या मिळून बरोबर गोष्टी तीनच. विचारायच्या बाबीही तीन, आणि प्रत्येक बाबीत निदान एक जण बरोबर. म्हणजे प्रत्येक बाबीत नेमका एकच जण बरोबर असणार, दोघं असूच शकत नाहीत. निळा सदरा दोघांनी सांगितला, म्हणून निळा चूक. राहिला पांढरा. टोपी दोघांनी सांगितली, म्हणून टोपी चूक. राहिला फेटा. छत्री दोघांनी सांगितली, ती पण चूक. राहिली काठी.

पांढरा सदरा, फेटा आणि काठी. ताळा करून बघा : अण्णांचा सदरा बरोबर, मावशींची काठी बरोबर, बंटीचा फेटा बरोबर. प्रत्येकाचं एक-एक, हिशोब चोख.

बहुमताचा माणूस

उत्तर मिळालं की आपण पुढे जातो. मी मात्र इथे जरा थांबतो, कारण कोड्याचा खरा धडा उत्तरानंतर सुरू होतो.

हेच बहुमताने सोडवलं असतं तर? दोघं म्हणतात निळा, म्हणजे निळाच. दोघं म्हणतात टोपी, म्हणजे टोपीच. दोघं म्हणतात छत्री, म्हणजे छत्री. आता कल्पना करा, एसटीच्या थांब्यावर निळा सदरा घातलेला, टोपीवाला, छत्री घेतलेला एक माणूस गाडीची वाट बघत उभा आहे. लोक त्याला घेरतात. “हाच तो! तिघांनी पाहिलंय!” तो बिचारा झऱ्याकडे फिरकलेलाही नाही. बहुमताने उभा केलेला चोर खऱ्या चोराशी एकाही बाबतीत जुळत नाही. आणि तिघांपैकी एकही जण खोटं बोललेला नाही!

हे फक्त कोड्यात घडतं असं वाटत असेल तर धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा मोबाईलवरून पसरल्या होत्या. मंगळवेढ्याकडून आलेल्या, भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. पुढे १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक जमावाच्या हातून गेले. तिथेही हवेत अफवाच होत्या. ज्या महाराष्ट्रात दारी आलेल्या गोसाव्याला पीठ घालायची रीत, तिथे हे झालं. मोबाईलवर तोच मेसेज दहा जणांकडून आला की आपल्याला दहा साक्षीदार भेटल्यासारखं वाटतं. मुळात साक्षीदार एकही नसतो, एकाच आवाजाचे दहा पडसाद असतात.

म्हणून साक्षी मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात. आपल्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात स्पष्ट होतं, आणि नव्या साक्ष अधिनियमातही कायम आहे, की एखादी गोष्ट सिद्ध करायला साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही. शिवाय साक्षीदार एका बाबतीत चुकला म्हणून त्याचं सगळंच फेकून द्यायचं, हा नियम आपली न्यायालयं मानत नाहीत. सुपात घेऊन पाखडायचं, दाणा ठेवायचा, फोल उडवायचं. आपल्या कोड्यात अण्णा तीनपैकी दोन बाबतींत चुकले. “अण्णांना काय दिसतंय!” म्हणून त्यांना बाजूला सारलं असतं, तर पांढरा सदरा कधीच सापडला नसता.

डोळे, आठवण आणि शब्द

मग प्रश्न येतो, प्रामाणिक माणूस चुकतो कसा?

सवच्या झऱ्यावरच राहू. एक जण सावित्रीच्या गार पाण्यातून येऊन झऱ्यात हात घालतो आणि ओरडतो, “अरे, केवढं कढत!” दुसरा आधी बादलीभर कढत पाणी अंगावर घेऊन आलाय, तो म्हणतो, “कोमट तर आहे.” पाणी एकच. दोघंही खरं बोलतायत. पण दोघंही पाण्याबद्दल कमी आणि स्वतःच्या हाताबद्दल जास्त सांगतायत.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. बौद्ध परंपरेत ती आहे, जैन परंपरेतही आहे, आणि संस्कृतात तर ‘अंधगजन्याय’ हा शब्दच रूढ आहे. महाडजवळच गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. ती पाहताना मला ही गोष्ट नेहमी आठवते. पण या गोष्टीचा आपण काढतो तो अर्थ मला पटत नाही. आपण म्हणतो, “ज्याचं त्याचं खरं.” नाही हो! पायाला हात लावणाऱ्याचा स्पर्श खरा होता. “मला खांबासारखं काहीतरी लागलं” एवढंच तो म्हणाला असता तर ते शंभर टक्के सत्य होतं. “हत्ती खांबासारखा आहे” हे त्याने त्यात घातलं आणि तिथे तो घसरला. अनुभव खरा, निष्कर्ष खोटा. अठराव्या अध्यायातला तो बाविसावा श्लोक नेमका याच घसरणीवर बोट ठेवतो.

आणखी एक चोर आहे, तो म्हणजे आठवण. पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या : प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. प्रत्यक्ष पाहणं ते प्रमाणात घालतात. स्मृती मात्र त्यांनी वेगळी काढून ठेवली, तिला प्रमाणात बसवलं नाही. मला ही वर्गवारी फार मोलाची वाटते. “मी पाहतोय” आणि “मी पाहिलं होतं” ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

१९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. मग ५० जणांना विचारलं, “गाड्या एकमेकींवर आदळून चुराडा झाला तेव्हा वेग किती होता?” दुसऱ्या ५० जणांना विचारलं, “गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता?” आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच पाहिली का? पहिल्या गटात १६ जण हो म्हणाले, दुसऱ्यात ७. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच! प्रश्नातला एक जोरकस शब्द आठवणीत शिरला आणि आठवडाभराने काच होऊन बाहेर आला. म्हणजे विचारणाऱ्याचीही जबाबदारी आली की नाही? “तो निळ्या शर्टवाला कुठे गेला?” असं विचारणाऱ्याने साक्षीदाराच्या मनात आधीच निळा रंग ओतलेला असतो.

देवदत्त, आणि सावित्रीवरची ती रात्र

आता परस्परविरोधी साक्षी जुळवायच्या कशा? आपल्या शास्त्रांनी यासाठी एक सुंदर साधन दिलंय, त्याचं नाव अर्थापत्ती. मीमांसक आणि अद्वैती तिला स्वतंत्र प्रमाण मानतात. ठरलेलं उदाहरण असं : देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी तो चांगला लठ्ठ आहे. दोन्ही गोष्टी खात्रीच्या, पण एकत्र बसत नाहीत. तिसरी गोष्ट मानल्याशिवाय गत्यंतर नाही, ती म्हणजे देवदत्त रात्री जेवतो.

बघा, इथे कुणालाही खोटारडं ठरवलं नाही. दोन्ही साक्षी जिथे एकत्र नांदतील अशी जागा शोधली. झऱ्यावरच्या त्या दोघांनाही हेच लागू. “तू कुठून आलास?” एवढं विचारलं की भांडण संपलं.

याच्या शेजारी दुसरं प्रमाण आहे, अनुपलब्धी. एखादी गोष्ट जिथे असायलाच हवी तिथे नाही, यावरूनही ज्ञान होतं. याचा फार जड दाखला सावित्रीनेच दिला आहे. महाबळेश्वरला उगम पावणारी ही नदी पोलादपूर, महाड करत समुद्राकडे जाते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात महाडजवळचा मुंबई-गोवा महामार्गावरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल वाहून गेला. मुसळधार पाऊस, काळोख, फुगलेलं पाणी. किती गाड्या गेल्या, किती माणसं गेली, डोळ्यांनी पाहून नेमकं सांगणं अशक्य होतं. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या जिथे पोहोचायला हव्या होत्या तिथे पोहोचल्याच नाहीत. त्या न पोहोचण्यानेच खरं काय ते सांगितलं.

त्याच रात्रीची आणखी एक गोष्ट तेव्हाच्या बातम्यांत आली होती. जवळच काम करणाऱ्या एका माणसाला समोरून जाणारी गाडी एकाएकी दिसेनाशी झाली असं दिसलं. त्याने मागून येणाऱ्या गाड्या थांबवल्या, पोलिसांना कळवलं. त्या अंधारात त्याला सगळं दिसलेलं नव्हतं. पण जेवढं दिसलं तेवढं त्याने वेळेवर, योग्य माणसांपर्यंत पोहोचवलं. साक्ष म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी त्या माणसाकडे बोट दाखवीन.

रायगडाच्या पायथ्याच्या या मुलखात आणखी एक कोडं जुनं आहे : शिवाजी महाराजांचा जन्म कधीचा? उत्तरकाळातल्या बखरींवरून बराच काळ शके १५४९, म्हणजे सन १६२७, हे वर्ष धरलं जायचं. मग जेधे शकावली उजेडात आली आणि तिच्यात शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया सापडली. महाराजांच्याच काळातल्या कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’तही शके १५५१ चा फाल्गुनच निघाला. आज शासन जी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मानतं ती त्यातूनच आली. इथेही बखरींची संख्या कामी आली नाही. घटनेच्या जवळचे आणि एकमेकांकडे न बघता बोलणारे दोन आवाज जुळले, त्याने काम झालं.

‘मी खरं तेच बोललो’ एवढं पुरतं का?

आता नैतिक प्रश्नाकडे येतो, कारण साधकासाठी तोच महत्त्वाचा. मी प्रामाणिक आहे, मला जे वाटलं ते मी बोललो. माझी जबाबदारी संपली का?

महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतात. कौशिक तपस्वी, सत्य बोलायचं व्रत घेतलेला. काही माणसं दरोडेखोरांच्या भीतीने त्याच्या समोरून वनात पळाली. मागून दरोडेखोर आले, विचारू लागले. कौशिकाने खरं ते सांगितलं. ती माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. त्याची साक्ष अचूक होती हो! पण ती कोणाच्या हातात जातेय हे त्याने पाहिलं नाही. सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगताना भगवंत सत्याच्या सोबत हित का ठेवतात, ते या गोष्टीवरून कळतं.

कौशिकाचं निदान पाहिलेलं तरी खरं होतं. आपण तर न पाहिलेलंही पुढे पाठवतो आणि म्हणतो, “मी काय केलं? फक्त फॉरवर्ड केलं.” जो शब्द मी दुसऱ्यापर्यंत पोहोचवला तो माझा झाला. त्याचं कर्म माझ्या खात्यावर.

मला या सगळ्यातून तीन कसोट्या दिसतात. बोलण्याआधी बघावं : हे मी पाहिलंय, की ऐकलंय, की माझा अंदाज आहे? तीन खण वेगळे ठेवावेत. मग बघावं : माझ्या साक्षीची हद्द कुठे संपते? “मला पाठमोरा दिसला, चेहरा दिसला नाही” हे सांगायला लाज नको. आणि शेवटी : हे मी कुणाला सांगतोय, कशासाठी? पोलिसाला सांगणं, न्यायालयाला सांगणं आणि चिडलेल्या जमावाला सांगणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. कोड्यात मी तुम्हाला आधीच सांगून टाकलं होतं की प्रत्येकाचं एकच बरोबर आहे. आयुष्यात ते कोण सांगणार? घरातल्या भांडणात आई एक सांगते, बायको एक सांगते, बहीण तिसरंच. ऑफिसात तसंच. कुणाचं किती खरं याची यादी कुणी हातात देत नाही. म्हणून तिथे उत्तराची घाई करायची नाही. काही वेळा “अजून कळलेलं नाही” हेच सर्वांत सात्त्विक उत्तर असतं. आणि निर्णय घ्यावाच लागला तर तो असा घ्यावा की आपण चुकलो असलो तरी समोरच्याचं झालेलं नुकसान भरून काढता येईल. चौकशी परत करता येते, माफी मागता येते. उचललेला दगड एकदा सुटला की परत बोलावता येत नाही.

खरा साक्षी

आपल्या भाषेत ‘साक्षी’ या शब्दाला दोन घरं आहेत. एक न्यायालयात, एक वेदान्तात. नवव्या अध्यायात भगवंत स्वतःची ओळख ज्या नावांनी करून देतात त्यांत ‘साक्षी’ हेही एक नाव आहे. तो सगळं पाहतो आणि त्याला कुणाचीही बाजू घ्यायची नसते. आपली साक्ष बिघडते ती बऱ्याचदा डोळ्यांमुळे नाही, तर आपल्याला कुणीतरी आधीच आवडत किंवा खुपत असतं म्हणून. नामस्मरणाला बसलं की मन थोडं मागे सरकतं, स्वतःचे राग-लोभ जरा लांबून दिसायला लागतात. मला वाटतं, ध्यानाचा एक अगदी व्यवहारी फायदा हाच आहे की माणूस जास्त चांगला साक्षीदार होतो.

सात्त्विक ज्ञान विभागलेल्यांत अविभक्त पाहतं असं गीता म्हणते. गीता तिथे पोलिस चौकीतल्या जबाबांबद्दल बोलत नाही, हे खरंच. पण अण्णांचा सदरा, मावशींची काठी आणि बंटीचा फेटा एकत्र आणून जो एक माणूस उभा राहिला, तो तिघांपैकी कुणालाच अख्खा दिसला नव्हता. तिघांनाही थोडं-थोडं मान दिला तेव्हाच तो दिसला. आणि एसटीच्या थांब्यावरचा निळ्या सदऱ्यातला माणूस सुखरूप आपल्या घरी गेला.

आजचा संकल्प : आज दिवसभरात “मी स्वतः पाहिलंय” असं तोंडावर आलं की एक श्वास घ्यायचा आणि मनात विचारायचं, नेमकं किती पाहिलंय? आणि ज्या मेसेजने राग उसळतो, तो आज रात्रीपर्यंत पुढे पाठवायचा नाही. उद्या सकाळी परत वाचायचा.

उद्या तेविसावा श्लोक, कर्माचे तीन प्रकार.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥